ओरिजिनल, लोकल आणि बसने आलेला डबा

पेडमी मागे पडली आणि गाडीतून खर्र असा आवाज यायला लागला. आधी वाटलं, चाकात खडा अडकला असेल. पण ब्रेक दाबला की आवाज, सोडला की शांत. म्हणजे खडा नव्हता. पुढे उताराचा, वळणावळणाचा रस्ता, मागच्या सीटवर आई आणि माझी पाच वर्षांची मुलगी, बाजूला बाबा.

बाबा काहीच बोलले नाहीत. ते गप्प असले की मला जास्त धास्ती वाटते. दोन वळणांनंतर एवढंच म्हणाले, "दुसऱ्या गिअरमध्ये घे. ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस."

इंदूरहून कंपेलमार्गे उदयनगर हा आमचा नेहमीचा रस्ता. (कंपेल म्हणजे इंदूर मोठं होण्याआधीचं परगण्याचं ठाणं. बाबा दर वेळी हे मुलीला सांगतात, ती दर वेळी खिडकीबाहेर बघते.) बाबांची नोकरीतली सहा वर्षं उदयनगरला गेली. तेव्हा घेतलेली थोडी जमीन आणि एक विहीर अजून आहे, त्यामुळे महिन्यातून एकदा जाणं होतं. माळव्याच्या पठारावरून गाडी खाली उतरायला लागली की गार वारा येतो आणि आई म्हणते, "आला बरं का आपला गाव." त्या दिवशी तिने ते म्हटलं नाही.

उदयनगरला रस्त्यालगत एका टिनाच्या शेडमध्ये मिस्त्रीचं गॅरेज आहे. दारात एक ट्रॅक्टर, तीन मोटारसायकली आणि सवाऱ्या उतरवून आलेली एक तूफान. आमच्यासारखी शहरी छोटी गाडी तिथे क्वचितच येत असणार. मिस्त्रीने पुढचं डावं चाक काढलं, कॅलिपर उघडला आणि मला हाक मारली. "भाईसाब, इधर आओ. लोहे से लोहा घिस रहा है."

ब्रेक पॅड म्हणजे लोखंडी पत्र्यावर घट्ट चिकटवलेला घर्षणाचा थर. आतल्या बाजूच्या पॅडचा हा थर अर्ध्याहून जास्त सुटून पडला होता. झिजलेला नव्हता, सुटलेला होता. उरलेला भाग बोटाने दाबला तर कडेचा चुरा निघाला. उघडा पत्रा डिस्कवर घासून तिच्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा उमटल्या होत्या.

हे पॅड आठ महिन्यांपूर्वीच बदलले होते, आणि ते मीच बदलून घेतले होते.

तेव्हाचं सगळं मला स्वच्छ आठवत होतं. बाबांचं म्हणणं होतं, "कंपनीत दे." मी म्हटलं, कंपनी फक्त डब्यावर शिक्का मारते आणि दुप्पट पैसे घेते. मग इंदूरच्याच एका वर्कशॉपमध्ये गाडी दिली. त्यांनी विचारलं, "ओरिजिनल डालूँ या अच्छा वाला लोकल?" मी "अच्छा वाला" निवडलं आणि साधारण अकराशे रुपये वाचवले. त्या रात्री जेवताना ते फुशारकीने सांगितलंही. बिल मोबाईलमध्ये होतं. ते गॅरेजमध्ये उभ्या उभ्या उघडलं तर त्यावर एवढंच: ब्रेक पॅड, १ सेट. कुठल्या कंपनीचे, पार्ट नंबर काय, काहीही नाही. रोज दुसऱ्यांचा कोड तपासणारा माणूस मी. कुणी असं काही माझ्याकडे पाठवलं असतं तर पहिल्या ओळीलाच परत केलं असतं.

मिस्त्रीकडे आमच्या गाडीला बसणारा एक सेट फळीवर पडून होता. सहाशे रुपये, डब्यावर कुठल्याशा गरुडाचं चित्र. मी हात पुढे केला तर तो म्हणाला, "लग तो जाएगा. पर बच्ची साथ में है. मैं अपनी गाड़ी में नहीं डालूँगा."

एक चहा झाला, दुसरा झाला. मुलगी मिस्त्रीच्या कोंबड्यांच्या मागे धावत होती. आणि मी व बाबा बाकावर बसून आठ महिन्यांपूर्वीचा वाद पुन्हा पहिल्यापासून घालत होतो, या वेळी जरा शुद्धीवर राहून.

बाबांचा मुद्दा सरळ होता: ज्याने गाडी बनवली त्याचाच भाग घालावा. अडचण अशी की ज्याने गाडी बनवली त्याने ब्रेक पॅड बनवलेले नसतात. गाडीची कंपनी इंजिन, सांगाडा, पत्रा असं काही स्वतः बनवते. बाकी हजारो वस्तू इतर कारखान्यांतून येतात. काच असाही इंडियाची किंवा सेंट-गोबेनची, क्लच व्हॅलिओ किंवा एक्सेडीचा, बॅटरी एक्साइड किंवा अमरॉनची. टायर तर कुणी "ओरिजिनल" मागतच नाही, कारण टायरवर टायरवाल्याचं नाव उघड लिहिलेलं असतं. इतर भागांवरही ते असंच मोठ्या अक्षरात असतं तर निम्मे वाद झालेच नसते.

लांब कशाला जायचं? आपल्या देवासचंच उदाहरण घ्या. गजरा गियर्स ही साठच्या दशकापासून देवासला वाहनांचे गियर बनवणारी कंपनी. तिचे गियर वाहन कंपन्यांना जातात आणि तिच्या स्वतःच्या नावाने बाजारातही विकले जातात. म्हणजे ट्रकवाला ज्याला "बाहेरचा" गियर म्हणेल, तो ट्रकमध्ये मुळात बसलेला गियर बनवणाऱ्यांचाच असू शकतो. पूर्वीच्या कल्याणी ब्रेक्सचं तसंच, पुण्याची कंपनी आणि जळगावला कारखाना. अशा पुरवठादाराचा माल त्याच्या स्वतःच्या डब्यात घेतला तर बहुतेक वेळा स्वस्त पडतो, कारण मधला एक शिक्का कमी झालेला असतो.

तेव्हा "ओरिजिनल की लोकल" हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. काउंटरवर खरं तर चार प्रकारचे डबे असतात. पहिला गाडीच्या कंपनीचा, म्हणजे मारुतीचा एमजीपी किंवा ह्युंदाईचा मोबिस. दुसरा तोच भाग बनवणाऱ्या पुरवठादाराचा. तिसरा कंपनीला माल न देणाऱ्या, पण स्वतःचं नाव आणि पत्ता छापणाऱ्या स्वतंत्र उत्पादकाचा. यात काही फार चांगले, काही यथातथा. आणि चौथा बनावट, पहिल्या तिघांपैकी कुणाचा तरी वेष घेतलेला. वर्कशॉपवाला "अच्छा वाला लोकल" म्हणाला तेव्हा तो दुसऱ्याबद्दल बोलत होता की चौथ्याबद्दल, हे विचारायचं मला सुचलंच नाही. मी दोन आकडे पाहिले आणि लहान आकडा निवडला.

बाबांनी इथे विहिरीवरची मोटार मध्ये आणली. "त्या मोटारीत मी कुठे कंपनीचं बेअरिंग घालतो? ६२०५ मागतो, कुणाचंही चालतं." हे अगदी खरं आहे. ६२०५ म्हटलं की आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५, मग बेअरिंग जगात कुठेही बनलेलं असो. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे ऐकून भरून येतं, इतकं ते नीटनेटकं आहे. पण आकडा फक्त माप सांगतो. आतल्या गोळ्या कुठल्या पोलादाच्या आहेत, किती गुळगुळीत आहेत, ते सांगत नाही. गेल्या उन्हाळ्यात असंच एक "कुणाचंही" बेअरिंग तीन महिन्यांत ओरडायला लागलं आणि मोटार काढून पुन्हा बसवण्याची मजुरी बेअरिंगच्या कितीतरी पट झाली. मी आठवण करून दिली. बाबा म्हणाले, "ते वेगळं." दोन मिनिटांनी म्हणाले, "फार वेगळं नाही."

मोटारीचं बेअरिंग गेलं तर गव्हाचं एक पाणी चुकतं. ब्रेक पॅडचा थर वळणावर सुटला तर काय होतं, याचा विचार मी घाटातच करून झालो होतो.

ब्रेकचं सगळं काम उष्णतेशी आहे. गाडीचा वेग पॅड आणि डिस्क यांच्यात उष्णता होऊन संपतो. सपाटीवर अधूनमधून ब्रेक लागतो आणि मधे त्याला गार व्हायला वेळ मिळतो. उतारावर तो मिळत नाही. स्वस्त थर सपाटीवर आठ महिने गुण्यागोविंदाने चालेल, तापला की त्याची पकड घटेल आणि चिकटवण्याचं काम कच्चं असेल तर तो पत्र्यापासून सुटेल. बऱ्याच पॅडच्या कडेला किंवा मागच्या पत्र्यावर एक लांबलचक ओळ छापलेली असते, तिच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं: ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं तापल्यानंतरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. ही अक्षरं काही टिकाऊपणाची हमी नव्हेत, पण बनवणाऱ्याने निदान मोजलंय एवढं त्यावरून कळतं. युरोपात बदलीच्या पॅडसाठी आर-९० हा नियम आहे: त्याची ब्रेक लावण्याची ताकद मूळ पॅडपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे चालत नाही. काही भारतीय उत्पादकांच्या डब्यांवरही हा क्रमांक दिसतो. माझ्या हातातल्या सुटलेल्या पॅडच्या मागे काळ्या रंगाशिवाय काहीही नव्हतं.

मोजणं फुकट होत नाही. आपल्या धार जिल्ह्यात पिथमपूरजवळ नॅट्रॅक्स आहे. ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक, जून २०२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं तेव्हा इंदूरच्या पेपरांत पान भरून आलं होतं. तिथे ब्रेक तपासायला वेगळे रस्ते आहेत. गाडीच्या कंपनीच्या डब्यावर जी किंमत असते तिच्यात नफा असतो हे खरं, पण अशा चाचण्यांचा खर्चही असतो. गरुडवाल्याच्या किमतीत तो नसतो. आठ महिन्यांपूर्वी मी फक्त नफ्याचाच हिशेब केला होता.

बाबांच्या "कंपनीत दे" मागे आणखी एक भीती होती, आणि ती आपल्यापैकी पुष्कळ जणांना असते: बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल. आमच्या गाडीची वॉरंटी कधीच संपली आहे, त्यामुळे हा वाद आमच्यापुरता निकाली होता. ज्यांची गाडी नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. शमशेर कटारिया नावाच्या एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाकडे २०११ मध्ये प्रकरण सुरू झालं. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती फक्त आपल्या अधिकृत जाळ्यातच ठेवून बाहेरच्या मिस्त्रींची आणि ग्राहकांची अडवणूक केली, असा ठपका होता. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं, तो वेगळा विषय. आपल्या कामाचा मुद्दा त्याच आदेशात आहे: बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. पुढे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला "राइट टू रिपेअर" पोर्टल सुरू केलं, त्यातही वाहनं आहेत. तरी नव्या गाडीचं मोठं काम बाहेर करण्याआधी वॉरंटीचं पुस्तक वाचा. मी वाचत नाही, म्हणून सांगतोय.

मग आमची यादी सुरू झाली, चहाच्या कागदी कपाच्या बाजूवर. मोडल्यावर गाडी थांबणार किंवा वळणार नाही असा प्रत्येक भाग (ब्रेक, स्टिअरिंगचे टाय रॉड, बॉल जॉइंट) पहिल्या किंवा दुसऱ्या डब्यातलाच. सीट बेल्ट आणि एअरबॅग फक्त कंपनीचे, तिथे चर्चाच नको. क्लचचा न्याय निराळा. क्लच जीवघेणा नाही, पण तो बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. भागापेक्षा मजुरीच जड, मग भागात हजार रुपये वाचवून तेच काम वर्षाने पुन्हा कशाला करायचं? टायमिंग बेल्टचंही तसंच, आणि तो तुटला तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. उलट एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर, बल्ब, हॉर्न: नामांकित कंपनीचं काहीही घ्या. बिघडलं तर पाच मिनिटांत आपणच बदलू. पुढची काच बदलली तर कोपऱ्यात काचेच्या कंपनीचं नाव आणि आयएसआयचं चिन्ह पाहा. गाडीच्या कंपनीचा लोगो नसला तरी चालतं.

बंपर आणि पत्र्याचं गणित विमा बिघडवतो. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीचे ५० टक्के घसारा म्हणून आपल्या खिशातून जातात. लोखंडी भागांना गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहाच्या पुढे ५०. काचेला घसारा नाही. माझ्या मावसभावाने बंपर "विम्यात आहे" म्हणून निश्चिंतपणे बदलायला टाकला होता, अर्ध्या किमतीचा आकडा पाहून तो अजून बोलतो. झिरो डेप्रिसिएशनची जोड घेतली असेल तर हा प्रश्न येत नाही.

आमच्या यादीप्रमाणे ठरलं की पॅड इंदूरहून मागवायचे. मिस्त्रीने ओळखीच्या दुकानदाराला फोन लावून दिला. त्याच्याकडे कंपनीचा सेट एकोणीसशेला होता, पुरवठादाराच्या स्वतःच्या डब्यातला तेराशेला. आठ महिन्यांपूर्वी जे केलं नाही ते या वेळी केलं. आरसी बुकातला १७ अक्षरांचा चेसिस नंबर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोनवर सांगून पार्ट नंबर विचारून घेतला. एकाच मॉडेलला मधल्या वर्षात पॅडचा आकार बदललेला असू शकतो. मग दुकानदाराकडून दोन्ही डब्यांचे फोटो मागवले: पार्ट नंबर, बनवल्याचा महिना, एमआरपी, उत्पादकाचा पत्ता, क्यूआर कोड, आणि डबा उघडून पॅडच्या पाठीचा फोटो. दुकानदार वैतागला नाही. उलट म्हणाला, एवढं कुणी विचारतच नाही. मग ठेवणीतला प्रश्न आला, "बिल लगेगा क्या?" बिल लागेल, पार्ट नंबर टाकूनच लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी बहुतेकांवर २८ होता. त्यामुळे बिल टाळून वाचणारे पैसेही आता कमीच झालेत. आणि बिल नसेल तर भाग फसल्यावर दुकानदाराला दाखवायचं काय?

एकोणीसशे की तेराशे, हे मी बाबांवर सोडलं. त्यांनी दोन्ही फोटो मोठे करून, चष्मा कपाळावर सरकवून, बराच वेळ पाहिले. दोन्ही पॅडच्या पाठीवर एकच निर्मात्याचं चिन्ह होतं आणि एकच दोन अक्षरं. "तेराशेवाला घे," ते म्हणाले. कंपनीचा शिक्का नसलेला भाग त्यांनी गाडीसाठी स्वतःहून निवडला, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

डबा दुपारच्या बसने कंडक्टरच्या हाती आला, वर स्केचपेनने मिस्त्रीचं नाव. आमच्या भागात कुरिअरपेक्षा ही व्यवस्था खात्रीची. आधी आकडा जुळवला, मग उघडला. मिस्त्रीने डिस्कची जाडी व्हर्नियरने मोजली. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, आमची अजून तिच्या वर होती, इंदूरला गेल्यावर घासून सपाट करून घ्यायची होती. ब्रेक ऑइलचं झाकण उघडून त्याने नाक मुरडलं. ते चहासारखं झालं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि मग कमी तापमानाला उकळतं. डॉट ३ कोरडं असताना २०५ अंशांना, पाणी शोषल्यावर १४० ला. तेही बदललं. ते मात्र त्याच्या फळीवर सीलबंद, नावाजलेल्या कंपनीचं होतं.

बसवून झाल्यावर त्याने बजावलं की पहिले दोनेकशे किलोमीटर पॅडला डिस्कशी बसायला द्या, उगाच जोरात ब्रेक मारू नका. मजुरी घेतली साडेतीनशे. सहाशेचा स्वतःचा डबा विकला असता तर त्याला जास्त सुटले असते आणि दुपारही मोकळी मिळाली असती. बाबांनी त्याला आग्रहाने आमच्या झाडाचे पेरू दिले.

निघताना सूर्य कलला होता. चढाला लागलो तेव्हा मुलगी झोपली होती. बाबांनी बिलाची घडी घालून डायरीत ठेवली आणि पार्ट नंबर स्वतःच्या अक्षरात वेगळा उतरवला. मी रेडिओ लावला, त्यांनी बंद केला. काच खाली घेऊन ते प्रत्येक वळणाला कान देऊन ऐकत होते. पेडमी आली तेव्हा काच वर घेतली.

"ते वायपर," ते म्हणाले, "गेल्या महिन्यात मी कंपनीतून घेतले ना. किती जास्त गेले असतील रे?"